हिरीच्या नावाची प्लेट

'रंभे, ये गं घरा' या गाण्यामागची गोष्ट मी आजवर निदान वीस वेळा सांगितली असेल. गणपतीच्या मंडपात सांगितली, शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली, एकदा ठाण्याच्या एका साप्ताहिकाच्या माणसालाही सांगितली. नवीन लग्न झालेलं, बायको माहेरी गेलेली, चिकूच्या वाडीत मी एकटा पेटी घेऊन बसलेलो आणि बोटांतून चाल आपोआप उतरलेली. लोक खूश होतात. बायका पदर तोंडाला लावून माझ्या बायकोकडे, रंभेकडे, बघतात आणि ती मान खाली घालते. या गोष्टीतली चिकूची वाडी तेवढी खरी आहे. बाकी सगळं मी रचलंय, आणि गाण्यापेक्षा जास्त मेहनत घेऊन रचलंय.

गाणं चैत्याचं. चैत्या कैनाडच्या पाड्यावरचा वारली. भात निघालं की सरावलीला आमच्या वाडीत चिकू उतरवायला यायचा. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून झाडाखाली उभा राहायचा आणि मान वर करून तासन्‌तास गुणगुणायचा. गळा असा घोगरा की आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "याच्या गाण्यानं चिकू पिकायच्या आधीच गळतील." पण चाली त्याला सुचत. मी नाटकमंडळीत पेटी वाजवलेली, गळा गोड म्हणून गावात नाव मिळवलेलं. पण स्वतःची म्हणावी अशी एक चाल मला कधी सुचली नाही. हे मला ठाऊक होतं आणि ते सलत होतं.

चैत्याबरोबर हिरी यायची. दोघं चार वर्षं एका घरात राहत होती, पण लग्न लागलेलं नव्हतं. त्यांच्यात यात वावगं काही नाही. घर आधी मांडतात, लग्न जमेल तेव्हा लावतात. काहींची लग्नं तर पोरं कडेवर घेऊन लागतात. पण हिरीला ते हवं होतं. भिंत गेरूनं सारवायची, तिच्यावर तांदळाच्या पिठीनं लग्नाचा चौक लिहायचा, धवलेरी बोलवायची. धवलेरी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. चैत्या दर वर्षी म्हणायचा, पुढच्या साली. चौथ्या वर्षी त्यानं घरातलं भात भावाच्या लग्नाला दिलं आणि हिरीला पुन्हा म्हणाला, पुढच्या साली. चोपन्न सालच्या दिवाळीनंतर गवत कापायला निघालेल्या टोळीबरोबर ती वर गेली. वर म्हणजे गुजरातच्या अंगाला. होळीला टोळी परतली, हिरी नाही परतली.

त्या उन्हाळ्यात चैत्या हे गाणं म्हणायला लागला.

*हिरे, ये गं घरा.*
*भिंत सारवली गेरूनी, चौक लिहायचा रायला.*
*गवताच्या गाडीवरशी उतर, तलासरीच्या बाजारातशी ये,*
*नाल्यानं ये, माळावरशी ये, कैनाडच्या पाड्याला ये.*
*धवलेरीला सांगून ठेयलाय, हिरे, ये गं घरा.*

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्यावर दाढी करत होतो. वस्तरा तसाच हातात राहिला. अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून मी झाडाखाली गेलो आणि म्हणालो, "चैत्या, पुन्हा म्हण."

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं मला गायला बोलावलं होतं, आणि माझ्याकडे गाणं नव्हतं. मी चैत्याला म्हटलं, हे मला दे, याची ग्रामोफोनची प्लेट निघेल. तो बराच वेळ चिकूच्या देठाचा चीक बोटांवरून पुसत राहिला. मग विचारलं, "शेट, तुमची ती प्लेट कठवर जाते?"

"कुठवरही. हॉटेलात वाजते, रेडिओवर लागते. सुरतेपर्यंत जाईल."

"हिरी असंल तठं जाईल?"

"जाईल की."

"मंग घ्या," तो म्हणाला. "माझा आवाज वाडीच्या कुंपणापार नाय जात. तिचं नाव घेऊन म्हणा, वाट सगळी सांगा. तिला समजंल."

एवढीच अट होती. पैसे नाही, नाव नाही, काही नाही. तिचं नाव आणि घरी यायची वाट, एवढं त्यात राहू दे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला, आणि तो देताना माझ्या मनात कपट नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

कंपनीचे साहेब चांगले गृहस्थ होते. चाल ऐकून टेबलावर ताल धरला. मग म्हणाले, "हिरी? हे कसलं नाव? मोलकरणीला हाक मारल्यासारखं वाटतं. काहीतरी गोड घाला. आणि हा गेरू न्‌ नाला कशाला? प्लेटीची एक बाजू तीन मिनिटांची असते, राऊत. चांदणं-बिंदणं घाला." बाहेर वादक खोळंबले होते. मी विचार करायला पाच मिनिटं मागितली, आणि पाच मिनिटांत मला एकच नाव सुचलं. हिरीपेक्षा एक मात्रा जास्त होत होती, ती ओढून बसवली. भिंत काढली, वाट काढली, तिथं चंद्र घातला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी पेटीवर वाजवून दाखवलं. छापून आलं तेव्हा लेबलावर गीत, चाल आणि गायन, तिन्हीपुढे अमृत राऊत. आयत्या बिळावर नागोबा.

घरी रणकंदन झालं. आमच्याकडे बायकोचं नाव नवरा घेतो ते उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवून धरल्यावर. माझ्या बायकोला घरात 'धाकली' म्हणत, गडीमाणसं 'धाकली शेटाणी' म्हणत. रंभा हे नाव तिच्या माहेरापलीकडे कुणाच्या जिभेवर आलेलंच नव्हतं. तात्या गरजले, "सुनेचं नाव हाटेलात वाजतंय! उद्या बिडीच्या बंडलावर छापा!" आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.  पण एका दुपारी मी वाडीतून अवचित घरी आलो तर रंभा एकटीच ग्रामोफोनपुढे बसली होती. हळदीकुंकवाला बायका तिला चिडवू लागल्या, जावा हेवा करू लागल्या, आणि ज्या सासूनं तिला चार वर्षं पायपुसण्यासारखं वापरलं, ती सासू शेजारणीला सांगू लागली, "आमच्या धाकलीवर गाणं आहे हो." रंभेच्या चालण्यात फरक पडला. मला तो आवडला. मग मीही मानू लागलो की गाणं तिच्यावरच आहे.

चैत्यानं प्लेट ऐकली ती आमच्याच ओट्याखाली उभं राहून. हात बांधून ऐकत होता. चाल ओळखून आधी हसला. मग नाव आलं.

"ही रंभा कोन, शेट? हिरीचं नाव कठं गेलं?"

त्या क्षणी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? त्यानं मला शिवी दिली असती, फार तर वाडीतलं काम सोडलं असतं. मी म्हणालो, "अरे, ही शहरातल्या लोकांसाठी. हिरीच्या नावाची प्लेट वेगळी आहे. ती तिकडं पाठवली, गुजरातच्या अंगाला."

"वाटेसकट?"

"वाटेसकट."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं, कारण शेट खोटं कशाला बोलेल? जाताना पुन्हा वळून म्हणाला, "तठं वाजते ना, मंग झालं."

त्यानंतर गाणं माझ्या हातात राहिलं नाही. डहाणूच्या बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर बसवलं आणि वरातीच्या वरातीत वाजू लागलं. शब्द गेले, नुसती चाल राहिली, आणि मला मनातून बरं वाटलं. एकसष्टच्या नवरात्रात हद्दीपलीकडच्या एका बाईंनी गुजरातीत गरबा केला, त्यात रंभा पाणी भरायला गेली होती. शाळेतल्या मुलींनी त्यावर टिपऱ्या केल्या. प्रत्येक वेळी चाल थोडी पळे, शब्द थोडे गळत, नाव मात्र घट्ट. हिरीला बाजूला सारून बसवलेलं ते नाव कुणी म्हणजे कुणीच काढलं नाही.

चैत्या दर साली भात निघाल्यावर कामाला यायचा आणि पहिल्या दिवशी तेच विचारायचा, "शेट, तठली प्लेट वाजते ना अजून?" मी म्हणायचो, "वाजते." दुसरी बाई त्यानं घरात आणली नाही. चौसष्टच्या कार्तिकात त्याला तापानं धरलं. मी पाड्यावर गेलो तेव्हा तो भिंतीशी पडून होता. भिंत ताज्या गेरूनं सारवलेली, लाल, आणि तिच्यावर एक रेघही नव्हती. दर दिवाळीला सारवतो, असं त्याचा भाऊ पांड्या म्हणाला. चैत्यानं डोळे उघडले आणि ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही, पण प्रश्न ठाऊक होता.

"वाजते," मी म्हणालो.

दोन दिवसांनी तो गेला.

सहासष्टला मुंबईचे चौघे तरुण माझ्याकडे आले. केस कॉलरपर्यंत, पँटी पायाला चिकटलेल्या, बरोबर विजेवर वाजणारी गिटार. त्यांना माझं गाणं त्यांच्या पद्धतीनं करायचं होतं. ओट्यावरच वाजवून दाखवलं. गिटार रडली, ड्रमवाल्यानं आमचा पितळी डबा पालथा घालून बडवला आणि गाणारा डोळे मिटून "ओ रंभा, ओ रंभा" असा काही ओरडला की तात्या आत जाऊन कानात कापूस घालून आले. पण मी हादरलो. त्या पोराचा गळा घोगरा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते गाणं हाक मारल्यासारखं म्हटलं होतं. मी त्यांच्या कागदावर सही केली. त्यांतल्या एकानं विचारलं, "काका, इस गाने के पीछे की स्टोरी क्या है?" मी चिकूची वाडी सांगितली.

त्यांची प्लेट माझ्या प्लेटीपेक्षा जास्त वाजली. पुढच्या वर्षी वलसाडला त्यांचा कार्यक्रम होता, मूळ गायक म्हणून मलाही गाडीत घातलं. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्याच्या अलीकडे चहाला एका ढाब्यावर थांबलो. बाहेर ट्रकांची रांग, आत रेडिओ, आणि योगायोग असा की चहा यायच्या आत तेच गाणं लागलं. पोरं उड्या मारायला लागली.

मागच्या बाजूला एक बाई पातेली घासत होती. ती मालकावर ओरडली, "बंद कर रं तो! रोज रोज ती सटवी कशाला ऐकवतोस?"

मालक हसून पोरांना म्हणाला, "हिरीला हे गाणं चालत नाय. लागलं की भांडी आपटते."

मी उठून मागे गेलो. केस पिकले होते, पण हिरीच. तिनं मला ओळखलं आणि डोक्यावर पदर घेतला. "शेट! वाडी बरी हाय का?" मी म्हणालो, बरी आहे. आणि मग, माझी जीभ कशी वळली कोण जाणे, मी विचारलं, गाण्यावर एवढा राग का?

"माझ्या चैत्याची चाल हाय ती," ती म्हणाली. "तुमाला त्यानं म्हणायला दिली, मला नाय का समजत? होळीला मी रुसून नाय आली. पन दुसरे साली निघाली व्हती. गाठोडा बांधून. उंबरगावला ठेसनाजवळ हाटेलात ही प्लेट लागली. चाल ऐकली आन्‌ माझा जीव हारकला, म्हटला मलाच बोलावतो. तं रंभा! रंभे ये गं घरा! दोन सालांत दुसरी आणली, आन्‌ गावभर सांगतो." तिनं पातेल्यावर राख फेकली. "तठूनच माघारी फिरली. त्या पावसात टोळीतल्या शुक्राच्या घरात गेली. दोन पोरां हायेत. बरी हाय मी. त्याची रंभा त्याला जेवूखाऊ घालते ना?"

आता तरी खरं सांगायचं. एवढंच म्हणायचं होतं की गाण्यातली ती हिरी, रंभा नाही. मी म्हणालो, "गाडी थांबलीय," आणि निघून आलो. वलसाडला मी गायलो. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा पुन्हाही गायलो. अच्छाडपासून कैनाड वीस-बावीस मैल आहे. गाणं सुरतेपर्यंत गेलं, आणि जायचं तिथं पोचलंही होतं. पोचून त्यानंच तिला माघारी फिरवलं होतं.

आठ दिवस मला अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी रंभा पोहे निवडत असताना मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. चाल चैत्याची, नाव हिरीचं, वाट कशी कापली, चैत्याला काय सांगितलं, हिरीला काय सांगितलं नाही. ती पोहे निवडत राहिली. सूप रिकामं झालं तरी बोटं फिरतच होती.

"म्हणजे माझ्यावर गाणं नव्हतंच," ती शेवटी म्हणाली.

"नाव तुझंच सुचलं. ते खरं आहे."

"पाच मिनिटांत."

"पाच मिनिटांत."

"अकरा वर्षं मी तिच्या नावाचं पत्र फोडून वाचत होते," ती म्हणाली, आणि मग रडली. मी तिला इतकी रडताना आईच्या छळातही पाहिली नव्हती. तिचं ओझरतं सुखही मी चोरूनच आणून दिलं होतं, आणि आता ते तिच्या हातातून काढून घेतलं. संध्याकाळी तिनं तोंड धुतलं, कुंकू सारखं केलं आणि म्हणाली, "उद्या मला तिकडं घेऊन चला. ती माझ्या नावानं शिव्या देतेय ना? मग मीच जायला हवं."

एसटीनं अच्छाडला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रंभा माझ्यासाठी थांबली नाही, तडक ढाब्याच्या मागे गेली. हिरी भांड्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसली होती.

"हिरी तूच ना?"

"व्हय. या, धाकल्या शेटाणी. इठं कठं?"

"मी रंभा," बायको म्हणाली. "माझं नाव रंभा. आईबापांनी ठेवलेलं. या प्लेटीतली रंभा ती मी. कैनाडला रंभा नावाची बाई कधी नव्हतीच."

हिरीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हातातला काथ्या तिनं हळूच खाली ठेवला.

"मंग चैत्या कोनासंगं रायला?"

रंभा बाजूला झाली. हे उत्तर मीच द्यायचं होतं.

"एकटाच," मी म्हणालो. "गाणं तुझ्यावर होतं. तुझं नाव मी काढलं."

"आता कठं हाय तो?"

"गेला. तीन वर्षं झाली. तुझ्या नावाची प्लेट इकडं वाजते, असं मी त्याला सांगत होतो."

पुढच्या बाजूला कुणा ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. हिरीनं शिवी दिली नाही, छाती पिटली नाही. शिवी दिली असती तर मी पाया पडलो असतो. तीही सोय तिनं ठेवली नाही. ती नुसती बसली होती, गुडघ्यांवर राखेचे हात ठेवून.

"म्हणा," रंभा मला म्हणाली. "तिच्या नावानं म्हणा. सगळं."

"इथं?"

"इथंच."

पेटी नव्हती, ताल नव्हता. मी तिथंच उभ्यानं सुरू केलं. हिरे, ये गं घरा. भिंत सारवली गेरूनी. अकरा वर्षांत एकदाही न म्हटलेले शब्द, पण एकही विसरलो नव्हतो. गवताच्या गाडीवरून उतरलो, तलासरीच्या बाजारातून आलो, नाला ओलांडला, माळ चढलो, कैनाडच्या पाड्याला पोचलो. ढाब्यावरची माणसं चहाचे पेले घेऊन मागं येऊन उभी राहिली. धवलेरीचं कडवं आलं तेव्हा हिरीनं डोळे मिटले. मला वाटलं, आता माझ्यावरचं थोडं तरी उतरलं.

गाणं संपलं. कुणीतरी "वा!" म्हणालं.

हिरीनं डोळे उघडले. "बराबर हाय सगळा," ती म्हणाली. "वाट पन बराबर हाय. पन तुमचा गळा लय गोड हाय, शेट. त्याचा घोगरा व्हता."

मग तिनं पुढचं पातेलं ओढलं आणि राख घेतली.